दैतारीकडे ठेवलेला निरोप

भीमखोलचा राजवाडा म्हणायला राजवाडा. मातीच्या जाड भिंती, वर गवताचं छप्पर आणि दारात दोन दगडी सिंह, त्यातल्या एकाचं नाक उडालेलं. राज्य जेमतेम सत्तर खेड्यांचं. राजाला शिंक आली तर शेवटच्या गावात ‘शतायुषी व्हा’ म्हणतात, अशी आजूबाजूची संस्थानं चेष्टा करायची. पण दैतारी भंडाऱ्याला विचाराल, तर तसं वैभव त्याला पुढे पुरीतसुद्धा कधी दिसलं नाही.

भंडारी म्हणजे न्हावी. दैतारीच्या आज्याने राजाच्या आज्याची दाढी केली, बापाने बापाची, आणि दैतारी करायचा लोकनाथ सिंगदेव राजाची. दोघं एका वयाचे. लहानपणी एकाच डोहात डुंबलेले, एकाच मोहाच्या झाडाखाली राजमातेच्या हातचा मार खाल्लेले. पुढे एक गादीवर बसला आणि दुसऱ्याने वस्तऱ्याची धोपटी उचलली, पण रोज सकाळी अर्धा तास दोघं समोरासमोर असायचे. पूर्वेकडच्या ओसरीवर पाट मांडलेला, पितळी वाटीत कोमट पाणी, अंगणात पारिजातकाचा सडा. दैतारी गालाला पाणी चोळायचा आणि राजा विचारायचा, “हं, गावात काय चाललंय?”

“सगळं ठीक, मणिमा.” राजाराणीला आमच्याकडे ‘मणिमा’च म्हणतात.

“ठीक म्हणजे काहीतरी बिघडलंय. बोल रे दैता. वस्तरा तुझ्या हातात, गळा माझा. भ्यायचं तर मी भ्यावं, तू कशाला भितोस?”

मग दैतारी सांगायचा. कुणाच्या शेतात हत्ती शिरले, कुठल्या मुखियाने विहिरीवरून भांडण उकरलं, कुणाची सून माहेरी निघून गेली. तिकडे आत, राणीच्या महालात, दैतारीची बायको सेबती दर आठवड्याला राणी सुलक्षणांच्या पायांना आळता लावायला जायची आणि लाल रेघ ओढता ओढता त्याच बातम्या तिखटमीठ लावून सांगायची. संध्याकाळी राजाराणी भेटले की दोघांच्या बातम्या जुळायच्या नाहीत. “तुझी भंडारीण खोटं बोलते,” राजा म्हणायचा. “तुमचा भंडारी अर्धंच सांगतो,” असं राणी म्हणायची. हे भांडण सेबतीच्या कानावर आलं की ती घरी नवऱ्याला टोमणा मारायची, “ऐकलंत? राणीसाहेबांनासुद्धा कळलं, तुमच्या पोटात अर्धं राहतं.”

ते खोटं नव्हतं. दैतारीच्या पोटात गोष्ट राहायची.

देशात शिपाई गोऱ्यांवर उठले, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तीसेक माणसं डोंगर उतरून भीमखोलला आली. पायांना चिंध्या बांधलेल्या, पोटं पाठीला लागलेली. गोऱ्यांशी लढून हरलेले लोक होते ते. राजाने त्यांना महिनाभर जंगलात आसरा दिला, तांदूळ दिला. ही गोष्ट सातआठ जणांनाच ठाऊक होती आणि त्यांत राजाचे धाकटे काकाही होते. राजमातेने मुलाला आधीच बजावलं होतं, “काकाच्या ताटात मासा वाढ, पण त्याच्या कानात गोष्ट वाढू नकोस.” राजाने ऐकलं नाही. काकांना गादी हवी होती. ते गोऱ्या साहेबाला जाऊन भेटले.

फौज आली. गाव जाळू नये म्हणून राजा स्वतःच चालत वेशीवर गेला आणि हात पुढे केले. पाच दिवसांच्या वाटेवर साहेबाची छावणी होती. तिथे सात दिवस खटला चालला आणि आठव्या दिवशी फाशीचा हुकूम झाला.

राजाने एकच मागणं मागितलं. मरायच्या दिवशी दाढी आपल्याच भंडाऱ्याने करावी. साहेबाने मान्य केलं. घोड्यावरचा शिपाई दैतारीला न्यायला आला, तेव्हा दैतारी शेतावर होता. सेबतीने धोपटी आणून हातात दिली.

फाशीच्या दिवशी उजाडताना दैतारीला तंबूत नेलं. राजा चटईवर बसला होता. महिन्याभराची दाढी वाढलेली, त्यात दैतारीने कधी न पाहिलेले पांढरे केस. बाजूला साहेबाचा बंगाली मुनशी उभा. कागद-लेखणी द्यायला साहेबाने नकार दिला होता, चिठ्ठी बंडखोरांच्या हाती पडेल म्हणून. तोंडी काय सांगायचं ते घरचंच सांगावं आणि मुनशीला ऐकू येईल असं सांगावं, असा हुकूम होता.

दैतारीने वाटीत पाणी ओतलं. अर्धं पाणी चटईवर सांडलं.

“सांभाळ,” राजा म्हणाला, “आज गळा कापलास तर साहेब रागवेल. त्याचा मान आहे तो.”

दैतारीला हसावं की रडावं कळेना. तो गालाला पाणी चोळू लागला. राजा नेहमीसारखा बोलत राहिला, ओसरीवर बोलायचा तसा.

“आईला सांग, काकांच्या बाबतीत तिचंच खरं निघालं. पण म्हणावं, हे आता गावभर सांगत बसू नकोस. आणि सांग, मी पोटभर जेवून गेलो. काल पखाळ भात मागितला होता, पाण्यात आंबवलेला, सोबत भाजलेली उडदाची वडी. दिला बिचाऱ्यांनी.”

“होय, मणिमा.”

“माझ्या लेकीला, जेमाला मी शब्द दिला होता, या रज सणाला तिचा झोपाळा मोठ्या आंब्याला बांधीन. सुतकाचं घर म्हणून लोक नको म्हणतील. तरी बांधा. आठ वर्षांच्या पोरीला सुतक किती कळतं? तिने झोका घ्यायचा.”

मुनशीने खाली पाहिलं. दैतारीचा वस्तरा हनुवटीखाली आला होता.

“आणि राणीला सांग…” राजा थांबला. “तिला सांग, सणाला तळतात तो गोड अरिसा पिठा तिच्याच हातचा चांगला होतो. बारा वर्षं मी आईसमोर म्हणत आलो, आईसारखा कुणाला जमत नाही. आईला बरं वाटावं म्हणून म्हणत होतो. ती प्रत्येक वेळी गप्प बसली. त्या गप्प बसण्याचं देणं माझ्याकडे राहिलं. म्हणावं, कुनी, मी सगळं पाहत होतो.”

‘कुनी’ म्हणजे छोटी, बाळी. राणीला राजा एकांतात अशी हाक मारतो, हे जगात कुणाला ठाऊक नव्हतं. दैतारीला वाटलं, आपण नको त्या दारातून आत पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि तेव्हाच त्याला दिसलं. राजाचे दोन्ही गुडघे धोतराखाली लटलट कापत होते. चेहरा शांत, आवाज नेहमीचा आणि गुडघे असे.

मुनशीलाही बहुतेक दिसलं. तो पान थुंकायच्या निमित्ताने तंबूच्या दाराशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. भला माणूस होता.

राजा हलक्या आवाजात म्हणाला, “पाहिलंस ना? रात्रीपासून असंच चाललंय. थांबत नाहीत. हे टिकायताला सांग.”

टिकायत म्हणजे गादीचा वारस, राजाचा एकुलता एक मुलगा, तेव्हा पाच वर्षांचा.

“मणिमा, हे कसं सांगू?”

“आत्ता नाही सांगायचं. पोराला लहानपणी बाप शूरच हवा. तू त्याची पहिली दाढी करशील, त्या दिवशी सांग. लोक त्याला सांगतील, तुझा बाप हसत गेला. तू सांग, बाप घाबरला होता. गुडघे कापत होते, आणि तो तसाच चालत गेला. त्याचे कधी कापले तर त्याने लाज बाळगू नये, चालायला लागावं. एवढंच. दुसऱ्या कुणाजवळ बोलू नकोस, सेबतीजवळ तर नकोच.”

दैतारीने दाढी पुरी केली, मिशी कातरली, शेवटी सवयीने आरसा पुढे धरला. राजाने त्यात पाहिलं आणि नेहमीचं एक वाक्य म्हटलं, “छान. आता माणसांत जाता येईल.”

त्यानंतरचं दैतारीने कधीच कुणाला सांगितलं नाही. राजा पायांवर चालत गेला, एवढंच तो म्हणे.

परतीची पाच दिवसांची वाट तो निरोप घोकत चालला. आईला काका, जेमाला झोपाळा, राणीला पिठा. एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून त्याने वाटेत कुणाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी एका बाजारात तो पाणी प्यायला थांबला, तर तिथे एक भिकारी एकतारीवर गात होता, की लोकनाथ राजा हसत हसत फासावर चढला आणि त्याने साहेबाच्या तोंडावर विडा थुंकला. लोक ऐकून डोळे पुसत होते. बातमी दैतारीच्या पुढे गेली होती. दैतारी पाणी न पिताच उठला.

भीमखोलला राजवाड्याभोवती पहारा बसला होता. पुरुषमाणसाला आत सोडत नव्हते. पण सुतकाच्या दहाव्या दिवशी घरातल्या बायकांची नखं काढायला भंडारीण लागतेच. ते पहारेकऱ्यांनाही नाकारता येईना. म्हणजे निरोप सेबतीच्याच तोंडून जायचा होता. दैतारीने तिला समोर बसवलं.

“नीट ऐक. मी सांगतो तेवढंच बोलायचं. पदरचं घालायचं नाही.”

“मी कधी पदरचं घालते?”

“सेबती!”

“बरं, नाही घालत.”

त्याने सांगितलं, तिने म्हणून दाखवलं. आईचं आलं, जेमाचं आलं. पिठ्याचं म्हणताना तिने डोळे पुसले. मग दैतारी अडला. राणीच्या लाडक्या नावाशी येऊन त्याची जीभ उचलेना. शेवटी भिंतीकडे तोंड करून तो पुटपुटला, “कुनी म्हणाले.”

“काय म्हणाले?”

“कुनी! किती वेळा बोलायला लावशील!”

सेबती हळूच म्हणाली, “अख्ख्या जन्मात तुम्ही मला असं काही म्हटलं नाहीत.” दैतारी शेळीला पाला टाकायला उठून गेला.

दहाव्या दिवशी सेबती आत गेली. राणी जमिनीवर बसली होती. पायांवर मागच्या आळत्याची फिकट लाली अजून होती. तीच लाली आपल्या हाताने धुवायची, हे सेबतीच्या नशिबी आलं. नखं काढताना ती म्हणाली, “मणिमा, राजांचा निरोप आहे.”

राणीने पाय मागे घेतला. “तू चौथी.” त्या आठवड्यात एक बैरागी, एक भाट आणि काकांकडचा एक माणूस अशा तिघांनी राजाचा शेवटचा शब्द म्हणून दारावरूनच आत निरोप पाठवले होते. एकाच्या शब्दात राज्य काकांना द्यावं असंही होतं. “मला कुणाचे शब्द नकोत. नखं काढ आणि जा.”

सेबती वाकली आणि राणीच्या पायाशीच बोलल्यासारखं म्हणाली, “‘कुनी, मी सगळं पाहत होतो’, असं म्हणाले.”

राणीने पाय पुन्हा पुढे केला. “सगळं सांग,” ती म्हणाली. सेबतीने सगळं सांगितलं, पदरचं एक अक्षर न घालता. पिठ्यापर्यंत आली तेव्हा दाराआडून राजमातेचा आवाज आला, “मी अजून बहिरी झालेली नाही.” दोघी दचकल्या. म्हातारी भिंतीला धरून आत आली, सुनेशेजारी बसली आणि म्हणाली, “तुझाच चांगला होतो. मलाही ठाऊक होतं.” मग दहा दिवसांत पहिल्यांदा त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

झोपाळा दैतारीने बांधला. रज सणाला, भर दुपारी. दोन ब्राह्मण आणि चार शेजारी येऊन ओरडले, “राजाची राख निवली नाही आणि तुला झोपाळा सुचतो?” राजमातेने आतून सांगून पाठवलं, “माझ्या मुलाचा हुकूम आहे. ज्याला दोरी कापायची असेल त्याने माझ्यासमोर येऊन कापावी.” कुणी आलं नाही. पहाऱ्यावरच्या एका शिपायाने उलट फांदीला दोरी आवळून द्यायला मदत केली. जेमा आधी नुसतीच बसून राहिली, मग पायांनी जमीन ढकलली. झोका वर गेला तेव्हा ती हसली आणि तिने घाबरून आईकडे पाहिलं, हसलेलं चालतं का म्हणून. राणीने मान डोलावली.

सरकारने राज्य जप्त केलं. गादी काकांनाही मिळाली नाही; साहेबाला फितुरांची गरज होती ती काम होईपर्यंत. राणी, म्हातारी आणि दोन मुलं यांना पुरीला नेऊन ठेवलं आणि भीमखोलला परतायची मनाई झाली. बैलगाडी निघाली तेव्हा दैतारी वेशीपर्यंत मागे गेला. टिकायत गाडीतून हात हलवत होता. त्याला वाटत होतं, जत्रेला चाललो.

मग तेरा वर्षं दैतारी भीमखोललाच राहिला. ओसरीवर आता एक कारकून बसायचा आणि त्याची दाढी दैतारीच करायचा. पण बोलायचा नाही. राजाच्या हसण्याचं गाणं लांबत लांबत चाळीस कडव्यांचं झालं. लोक विचारायचे, “दैतादादा, तू तर जवळ होतास. खरंच हसले ना?” दैतारी वस्तरा चामड्यावर घासत राहायचा. सेबती म्हणायची, “अहो, तुमच्या पोटात अजून काहीतरी आहे. माणूस झोपेत गुडघे गुडघे करतो का?”

“संधिवात आहे.”

“तुमचा संधिवात त्या तंबूतून आलाय,” ती म्हणायची, पण कधी खोदून विचारलं नाही.

तेराव्या वर्षी पुरीहून राणीचा माणूस आला. टिकायताला दाढी फुटली होती आणि पहिला वस्तरा घरच्याच भंडाऱ्याचा लागायला हवा, असा निरोप होता. दैतारी त्याच दिवशी निघाला.

पुरीच्या घरी ओसरी नव्हती, पारिजातक नव्हता. मागच्या अंगणात वाळूवरच पाट मांडला होता. टिकायत येऊन बसला आणि दैतारीने वाटी खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. तोच चेहरा, तीच हनुवटी. पण पोर अबोल होतं, खांदे पाडून बसलेलं. राणीने आधीच सांगितलं होतं की तो कुणासमोर उभा राहत नाही, चारचौघांत बोलायचं म्हटलं की घामाघूम होतो. आपण त्या बापाचे शोभत नाही, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. पुढच्या महिन्यात त्याला मोठ्या साहेबासमोर जायचं होतं, घराला भीमखोलला परतू द्यावं असा अर्ज घेऊन, आणि त्या धास्तीने त्याचं जेवण तुटलं होतं.

एक गाल झाला तेव्हा दैतारी म्हणाला, “मणिमा, आपल्या वडिलांची एक ठेव माझ्याकडे आहे.” आणि त्याने सांगून टाकलं. तेरा वर्षांत एकही शब्द झिजला नव्हता.

टिकायत ताडकन उठला. “खोटं! माझे बाबा हसत गेले. सगळं जग जाणतं. तुला कुणी पैसे दिले हे बोलायला?” तो रागाने दार आपटून घरात गेला.

दैतारी पाटाजवळ बसून राहिला. ऊन अंगणात आलं, भिंतीवर चढलं. राणीने आतून पाहिलं आणि ती परत फिरली. दुपार कलली तेव्हा टिकायत परत आला. अर्धा चेहरा साफ, अर्ध्यावर दाढी. असा तो जाणार तरी कुठे होता? येऊन पाटावर बसला. दैतारीने वाटीतलं पाणी बदललं आणि दुसऱ्या गालाला हात लावला.

“कुठला गुडघा?” टिकायताने विचारलं.

“दोन्ही, मणिमा.”

“आणि तरी चालले?”

“चालले. कुणाचा हात नाही धरला. मी होतो ना बाजूला.”

टिकायताच्या डोळ्यांतलं पाणी दैतारीच्या बोटांवर आलं. त्याने ते दाढीच्या पाण्याबरोबरच पुसलं आणि आरसा पुढे धरला.

पुढच्या महिन्यात टिकायत साहेबासमोर गेला. बाहेर आला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता; पण सगळं बोलून आला होता. अर्ज काही मंजूर झाला नाही, ना त्या वर्षी, ना पुढे कधी. तरी त्या घरात त्यानंतर जेवताना बोलणं ऐकू येऊ लागलं.

दैतारीला त्यांनी परत जाऊ दिलं नाही. सेबतीला बोलावून घेतलं. ती समुद्र पाहून म्हणाली, “एवढं पाणी, आणि घोटभर पिता येत नाही. काय करायचं असल्या श्रीमंतीला?” शेवटपर्यंत तिचं पुरीशी पटलं नाही. इथली भाजी पाणचट, इथली माणसं मतलबी, इथला चंद्रसुद्धा दमट. दैतारी तेवढं बोलायचा नाही, पण रोज सकाळी टिकायताची दाढी करताना तो भीमखोल सांगायचा. वेशीतून शिरलं की डावीकडे कुंभाराचं घर, त्याच्या मागे विहीर, विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर शेवाळ, तिथे पाय जपून. मोहाची फुलं पडली की कुठल्या वाटेने वास येतो. कुठल्या घरातली म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देऊन मग गूळ देते. टिकायत डोळे मिटून ऐकायचा. चुकलं तर आता तोच सुधारायचा, “काल तू जांभळाचं झाड विहिरीच्या अलीकडे म्हणाला होतास.”

दैतारी वारला, त्यानंतरच्या रथयात्रेला भीमखोलचे काही लोक पुरीला आले आणि टिकायताच्या पाया पडायला घरी आले. त्याने त्यांना पाणी दिलं आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली. कुंभाराच्या घराचा उंबरा अजून उंचच आहे का? तिसऱ्या पायरीवरचं शेवाळ कुणी काढलं की नाही? लोक एकमेकांकडे पाहू लागले. त्यांतला एक म्हातारा हात जोडून म्हणाला, “मणिमा, आपण पाच वर्षांचे असताना गाव सोडलंत. एवढं लक्षात राहिलं?”

“माझ्या नाही राहिलं,” टिकायत म्हणाला. “बस, अजून विचारायचं आहे.”